माझ्या नाडीचा आकडा आधी मला कळू द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमच्या गृहसंकुलाचे फेडरेशन, घोडबंदर रोड, ठाणे

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी लिफ्टशेजारच्या बोर्डावर तुमची नोटीस लागली. पासष्ट वर्षांवरच्या सगळ्या रहिवाशांना आरोग्याचं घड्याळ मिळणार, निम्मा खर्च फेडरेशनचा, निम्मा घरचा. नाडी, ऑक्सिजन, पावलं, झोप, सगळं मुख्य गेटच्या केबिनमधल्या स्क्रीनवर दिसणार. मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजचा अहवाल जाणार. महिन्यात सगळ्यात जास्त चालणाऱ्या दहा जणांची नावं बोर्डावर लागणार आणि दसऱ्याला बक्षीस. ज्यांना हे नको असेल त्यांनी पंधरा दिवसांत लेखी कळवायचं. आणि शेवटच्या ओळीत, सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचाऱ्यांना ही घड्याळं अनिवार्य.

या नोटिशीमागे काय आहे ते मला ठाऊक आहे. पावसाळ्यात डी विंगमधले एकटे राहणारे काका रात्री बाथरूममध्ये पाय घसरून पडले. सकाळी कामाला येणाऱ्या ताईंनी बेल वाजवली, दार उघडेना, त्यांनी मजला जागा केला, तेव्हा कळलं. नऊ तास ते ओल्या फरशीवर होते. स्ट्रेचर लिफ्टमध्ये मावेना म्हणून त्यांना खुर्चीवरून खाली आणलं, तेव्हा तुमच्यापैकी तिघं जिन्याशी उभे होते. तुमचे चेहरे मी पाहिले आहेत. ही योजना त्या सकाळी सुरू झाली. ती मोडून काढायला मी लिहीत नाही. ती टिकावी म्हणून लिहिते आहे, आणि बोर्डावर आहे तशी ती टिकणार नाही असं मला मनापासून वाटतं.

मी एकतीस वर्षं ठाण्यातल्या एका रुग्णालयात ईसीजी तंत्रज्ञ होते. छातीला जेली, हातापायांना क्लॅम्प, आणि मशीनमधून सरकत येणारी कागदाची पट्टी, यात माझी नोकरी गेली. होल्टर बांधायचं कामही माझ्याकडे होतं. होल्टर म्हणजे चोवीस तास हृदयाची नोंद ठेवणारं, अंगावर वागवायचं यंत्र. अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी ते पहिल्यांदा तयार केलं तेव्हा सुमारे ३८ किलोचं ओझं पाठीवर घ्यावं लागायचं. माझ्या हाती आलं तोवर ते वॉकमनएवढं झालं होतं, आता तर पट्टीसारखं छातीला चिकटवतात. यंत्र इतकं हलकं झालं, पण एक गोष्ट मी शेवटच्या दिवसापर्यंत तशीच पाहिली. ज्या पेशंटला शेजारी बसवून दहा मिनिटं सांगितलं, की तुमची चक्कर हृदयामुळे येते का हे आपण शोधतोय, चक्कर आली की या डायरीत वेळ लिहा, तो पेशंट चोवीस तास त्या वायरी जपायचा. गर्दीच्या दिवशी घाईत बांधून पाठवलेला पेशंट रात्री सगळं काढून उशाशी ठेवायचा आणि सकाळी यायच्या आधी परत लावायचा. यंत्र तेच, वायरी त्याच, आणि नोंदीत मधले सात तास कोरे.

आता माझ्या घरातलं सांगते. माझ्या सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. टोरंटोला असलेल्या माझ्या मुलाने त्यांना असंच एक घड्याळ पाठवलं. अकरा दिवस त्यांनी ते घातलं. बाराव्या दिवशी ते सुपारीच्या डब्यात सापडलं. मी दोनदा परत बांधलं, ते दोन्ही वेळा डब्यात गेलं. मी मनाशी म्हटलं, वय झालं, नवं काही झेपत नाही. इतक्या पेशंटांना वायरी बांधलेल्या बाईने असं म्हणायला नको होतं. शेवटी एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं.

त्यांनी एकेक सांगितलं. डाव्या हातात साठ वर्षं पाटल्या आणि बांगड्या आहेत, आणि घड्याळाला नेमकी तीच जागा हवी. पाटली काचेवर आपटते, पट्टा बांगडीखाली सरकतो. मे महिन्यात पट्ट्याखाली घाम साचून पुरळ उठलं. रोज रात्री ते चुंबकाच्या चकतीवर ठेवायचं, आणि त्यांच्या बोटांना ती चकती नीट जुळत नाही. अक्षरं इंग्रजी. हे सगळं सांगून झाल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “रोज सकाळी त्याचा फोन येतो. आजी, काल चारच तास झोपलीस. आजी, रात्री दोनदा उठलीस, का गं? अगं, मी लघवीला उठते. तेही आता त्याला तिकडे कळायला हवं का?”

पुरळाला पावडर आहे, पट्ट्याला कापडी पट्टा आहे, आकडे मराठीत आणता येतात. या शेवटच्या वाक्याला मात्र माझ्याकडे कुठलंच मलम नव्हतं. नातू मायेने विचारत होता. त्या मात्र आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर, कुणाच्या तरी नजरेखाली झोपत होत्या.

तुमच्या नोटिशीत हीच नजर केबिनमधून असणार आहे आणि ती एका नातवाची नसेल. तिथे कुरिअरवाले उभे असतात, ड्रायव्हर चहा पितात, मेंटेनन्सचा चेक द्यायला आलेला माणूस दहा मिनिटं थांबतो. त्या स्क्रीनवर माझ्या फ्लॅटचा नंबर आणि पुढे माझी नाडी. माझी नाडी वाढली तर ती जिना चढल्यामुळे, रडल्यामुळे की भांडणामुळे, हे मला माहीत असतं. केबिनला फक्त आकडा दिसणार, आणि उरलेलं लोक आपापल्या मनाने भरणार.

माणसं नवी यंत्रं स्वीकारत नाहीत, असं कुणी म्हटलं की मी २०२१ चा एप्रिल आठवते. तुम्हीही आठवा. त्याआधी आपल्या संकुलात किती जणांनी ऑक्सिमीटर पाहिला होता? मग सहा यंत्रं आणली आणि ती घरोघर फिरली. ना कुणी प्रशिक्षण घेतलं, ना बक्षीस ठेवलं. चार दिवसांत ऐंशी वर्षांच्या आजींनाही येत होतं, की नखाचं पॉलिश काढायचं, गार हात चोळून गरम करायचे, बोट घालून आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं, सहा मिनिटं घरातल्या घरात चालून पुन्हा बघायचं. रक्तातल्या ऑक्सिजनचा चौऱ्याण्णव टक्के हा आकडा पाठ नसलेलं घर नव्हतं. (या यंत्राचं मूळ तत्त्व १९७० च्या दशकात जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी शोधलं. ते एप्रिल २०२० मध्ये गेले. त्यांचं काम जगभरच्या घराघरांत पोहोचायला लागलं होतं, त्याच दिवसांत. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं.)

तो ऑक्सिमीटर इतक्या सहज का रुजला? आज रात्री मला काय करायचं आहे ते तो सांगत होता. चौऱ्याण्णवच्या खाली गेलं तर कुणाला फोन करायचा हे ठरलेलं होतं. फोन केला तर उचलणारं माणूस खालीच होतं, कारण तुमच्यापैकीच काही जण तेव्हा पाळीने रात्र जागत होते. आणि आकडा माझ्या बोटावर दिसायचा, मी बघायचे, वहीत लिहायचे. तो माझ्या परवानगीशिवाय कुठे गेला नाही.

ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला तेही साधारण इथेच येतात. अमेरिकेतले संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये संगणक वापरणाऱ्या लोकांवरून मांडलं होतं, की माणूस नवं तंत्रज्ञान घेतो ते दोन गोष्टी बघून. याचा मला उपयोग काय, आणि हे मला सोपं जाईल का. त्यातही उपयोगाचं वजन जास्त. पुढे २००३ मध्ये वेंकटेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात आजूबाजूच्या लोकांचं मत आणि मागे उभी असलेली मदत यांची भर घातली. मला मात्र एक वाटतं. ते संगणक टेबलावर होते. संध्याकाळी टेबल सोडून घरी जाता येत होतं. जे यंत्र झोपेत अंगावर असतं त्याच्याबाबतीत माणूस आणखी एक प्रश्न विचारतो, आणि तो बहुतेक वेळा मोठ्याने विचारत नाही. हे कुणाला कळणार?

यंत्राचं सामर्थ्य मी नाकारत नाही. बी विंगमधल्या एका निवृत्त शिक्षकांच्या घड्याळाने आठवड्यात तीनदा ‘ठोके अनियमित’ असं कळवलं. त्यांनी ते तिन्ही वेळा पुसून टाकलं. चौथ्या वेळी ते माझ्याकडे आले. मी मनगटावर तीन बोटं ठेवली. ठोक्यांना कसलाच ताल नव्हता. मी त्यांना त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे पाठवलं, बारा लीडचा, म्हणजे हृदयाकडे बारा बाजूंनी बघणारा ईसीजी झाला, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची लय बिघडण्याचा विकार निघाला. यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. आज ते रक्त पातळ करण्याची गोळी घेतात आणि रोज उपवनला फिरायला जातात. अमेरिकेत अॅपलच्या घड्याळावर ४,१९,२९७ लोकांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनियमित ठोक्यांची सूचना मिळालेले लोक अर्धा टक्क्याच्या आसपास होते. सूचना मिळाल्यावर छातीला पट्टी लावून ज्यांची पुढे तपासणी झाली, त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांत हा विकार सापडला. हा विकार येतो-जातो, म्हणून पट्टीच्या दिवसांत न दिसणं म्हणजे नसणं असंही नाही. घड्याळ दार वाजवतं, दार उघडून आत बघायचं काम डॉक्टरांचं, एवढा अर्थ मी त्यातून घेते.

उलट बाजूचंही एक सांगते, ते अधिक महत्त्वाचं आहे. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना पहाटे चारला जबडा आणि पाठ दुखायला लागली, घाम फुटला. त्यांनी घड्याळावर ईसीजी काढला. घड्याळ म्हणालं, लय सामान्य. ते उजाडेपर्यंत थांबले. तो हृदयविकाराचा झटका होता, हृदयाच्या खालच्या भिंतीचा. वाचले, पण हृदयाचा एक भाग गेला. घड्याळ खोटं बोललं नव्हतं. एका हाताच्या मनगटावर ते आणि दुसऱ्या हाताचं बोट त्यावर, एवढ्यातून एकच लीड मिळते, आम्ही जिला लीड वन म्हणतो. खालच्या भिंतीचे बदल दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये दिसतात, त्यासाठी पायाला क्लॅम्प लावावा लागतो. घड्याळ बनवणारे स्वतःच सांगतात की त्यांचं यंत्र हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. तुमच्या नोटिशीत हे वाक्य नाही. ते सगळ्यात मोठ्या अक्षरात हवं. छातीत दुखलं, जबडा दुखला, घाम आला, तर घड्याळ बघायचं नाही. १०८ ला फोन करायचा.

नोटिशीबरोबर विक्रेत्याचं माहितीपत्रक जोडलं आहे. त्यात ‘सुई न टोचता रक्तातली साखर’ असं छापलं आहे. हे वाचून मला रात्री झोप आली नाही. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय यंत्रांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड इशारा दिला, की त्वचेला न टोचता साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळं आणि अंगठ्या वापरू नयेत, अशा एकाही यंत्राला त्यांनी मान्यता दिलेली नाही. आपल्या संकुलात इन्सुलिन घेणारे किती आहेत ते तुम्हाला मेडिकलवाले सांगतील. चुकीचा आकडा बघून त्यातल्या कुणी एकाने जास्त इन्सुलिन टोचून घेतलं तर? बाकी सगळी योजना जशीच्या तशी ठेवलीत तरी या विक्रेत्याकडून खरेदी करू नका, एवढं तरी ऐका.

घड्याळाच्या मागच्या हिरव्या दिव्याचंही समजून घ्या. तो उजेड कातडीत शिरतो, रक्त तो शोषून घेतं, प्रत्येक ठोक्याला किती शोषला यावरून नाडी काढली जाते. पट्टा सैल असेल, हात हलत असेल, तर आकडा चुकतो. गोंदणाची शाई मध्ये आली तरी चुकतो. माझ्या सासूबाईंच्या मनगटावर लहानपणी जत्रेत गोंदवलेलं तुळशीवृंदावन आहे, आणि आपल्याकडच्या त्यांच्या वयाच्या किती तरी बायकांच्या हातावर असंच काही ना काही आहे. ऑक्सिजनच्या आकड्याला कातडीचा रंगही आडवा येतो. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता रुग्णालयातल्या ऑक्सिमीटरच्या नजरेतून गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा सुटली होती. आपण सगळे एका रंगाचे नाही. यंत्राने ‘सब ठीक’ म्हटलं तरी समोरचा माणूस धापा टाकत असेल तर माणसाकडे बघायचं.

पावलांच्या स्पर्धेबद्दल मला राग आहे, तो मी लपवत नाही. दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय ग्रंथातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचा पावलं मोजणारा डबा विकायला आला, नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मोजयंत्र. तिथून तो जगभर झाला. २०१९ मध्ये सरासरी बहात्तर वर्षं वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांवरचा एक अभ्यास आला. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे गेल्यावर आणखी फायदा दिसला नाही. म्हणजे आपल्या वयाच्या माणसाला पोडियमवरच्या काही फेऱ्याही मोलाच्या आहेत. बोर्डावर पहिल्या दहांत येण्यासाठी गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस अकरा हजार चालायला लागला तर त्याची जबाबदारी कुणाची?

त्याहून मला छळणारी गोष्ट वेगळीच आहे. घड्याळ हाताच्या झोक्यावरून पावलं मोजतं. ए विंगमधल्या काकू वॉकर धरून रोज लॉबीतून लिफ्टपर्यंत येतात आणि परत जातात. वॉकर धरलेले हात झोका घेत नाहीत. त्यांची पावलं त्या यंत्राला जवळजवळ दिसतच नाहीत. आपल्या सगळ्या संकुलात सगळ्यात कष्टाची पावलं त्यांची आहेत, आणि महिन्याअखेर बोर्डावर त्यांच्या नावापुढे काय लागेल? ती यादी लावू नका.

आता नोटिशीच्या शेवटच्या ओळीकडे येते. आमच्या विंगचे जिने झाडणाऱ्या ताईंनी परवा मला विचारलं, “बाई, ते घड्याळ काढून ठेवलं तर पगार कापतील का?” नाडी, ऑक्सिजन, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. त्यांचा पहिला प्रश्न पगाराचा होता, कारण घड्याळ म्हणजे काय हे त्यांच्या जगात आधीच ठरलेलं आहे. नागपूर आणि चंदीगडच्या महापालिकांनी सफाई कामगारांना जीपीएसची घड्याळं दिली होती, माणूस कुठे आहे आणि किती वेळ आहे हे बघायला. चंदीगडमध्ये कामगार त्याविरोधात रस्त्यावर उतरले. आपल्या घड्याळातही जागा कळते. मग दुपारी जिन्याखाली पाठ टेकलेली वीस मिनिटं स्क्रीनवर दिसणार. बारा तासांच्या रात्रपाळीत वॉचमनदादांची नाडी मंदावली की ते झोपले असं म्हणणार. ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्या हातात बांधलेलं यंत्र आरोग्याचं राहत नाही, ते हजेरीचं होतं. त्यांच्या तब्येतीची खरंच काळजी असेल, आणि ती असावी, तर वर्षातून एकदा त्यांचा रक्तदाब, साखर, डोळे तपासून घ्या, अहवाल त्यांच्याच हातात द्या, आणि त्या दिवसाचा पगार कापू नका. वॉचमनच्या केबिनला पंखा द्या.

संमतीचं तुम्ही उलटं केलं आहे. नको असेल त्यांनी लेखी कळवावं म्हणजे जे गप्प राहतील ते तयार, असं तुम्ही धरून चालला आहात. आपल्या संकुलात गप्प कोण राहतं? ज्यांना नोटीस वाचता येत नाही, जे मुलांच्या घरी राहतात आणि मुलांना दुखवायला घाबरतात, ज्यांना अर्ज लिहून द्यायचा संकोच वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती कशी असावी ते लिहिलं आहे. मोकळेपणाने दिलेली, ठरावीक कामापुरती, माहिती घेऊन, बिनशर्त, आणि स्पष्ट होकाराच्या कृतीतून. दिलेली संमती परत घेणं हे ती देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे. आणि माहिती मराठीतही मागता येते. कायद्याचा कीस वकिलांनी पाडावा. पण एका आजींसमोर बसून त्यांच्या भाषेत सांगणं आणि त्यांनी ‘हो’ म्हणेपर्यंत थांबणं, याला वकील लागत नाही.

मग काय करायचं, असं तुम्ही विचाराल. एकदम सगळ्यांसाठी घड्याळं घेऊ नका. ज्यांना स्वतःहून हवी आहेत, विशेषतः जे एकटे राहतात, त्यांच्यासाठी आधी वीस-पंचवीस घ्या. नाडी, झोप, पावलं हे ज्याचं त्याच्याच फोनवर राहू दे. ज्याला आणखी कुणाला दाखवायचं असेल त्याने त्या माणसाचं नाव स्वतः सांगावं, आणि मन बदललं तर तेही चालावं. केबिनकडे फक्त दोन गोष्टी याव्यात: पडल्याची सूचना आणि माणसाने स्वतः दाबलेलं मदतीचं बटण. आकडे नकोत. ज्यांना मनगटावर नको त्यांना गळ्यात अडकवायचं बटण द्या, काहींना तेवढंच पुरेल. आणि डी विंगच्या काकांसारखं बाथरूममध्ये पडणं टाळायचं असेल तर आधी बाथरूममध्ये धरायला दांडी आणि खाली न घसरणारी चटई. त्याला ना चार्जिंग लागतं ना संमतीपत्र.

सूचना आल्यानंतरचं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते सगळी योजना तिथेच उभी राहते किंवा पडते. रात्री तीनला केबिनमध्ये घंटा वाजली. त्या रात्रीचे वॉचमनदादा एजन्सीने कालच बदलून पाठवलेले आहेत. चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटची दुसरी चावी कुणाकडे? दार आतून बंद असेल तर? त्या आजोबांची औषधं कोणती, हे कुणाला माहीत? स्ट्रेचर कुठल्या लिफ्टमध्ये मावतं हे डी विंगच्या प्रसंगानंतरही आपण मोजलेलं नाही. घोडबंदर रोडवर गाड्या अडल्या की रुग्णवाहिकेला किती वेळ लागतो हे तुम्ही रोज भोगता. तोवर शेजारी कोण बसणार? प्रत्येक एकट्या माणसामागे त्याच्याच मजल्यावरचे दोन शेजारी ठरवा, त्यांच्याकडे चावी द्या. औषधांचा कागद फ्रिजच्या दारावर लावा. छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचं प्रशिक्षण सगळ्या वॉचमनना आणि प्रत्येक विंगमधल्या चार जणांना द्या. ते शिकवायची व्यवस्था मी करते, हे माझं काम होतं. दर शनिवारी संध्याकाळी पाच ते सात मी क्लबहाऊसमध्ये बसायलाही तयार आहे. पट्टा सैल-घट्ट करणं, आकडे मराठीत आणणं, कुठल्या आकड्याला घाबरायचं आणि कुठल्याला नाही, हे एकेकाला सांगायला वेळ लागतो. होल्टरच्या त्या दहा मिनिटांसारखा.

सासूबाईंच्या बाबतीत मी पुढे एवढंच केलं. मुलाला फोन करून सांगितलं, की झोपेचं बघणं बंद कर, आणि सकाळच्या फोनवर तिला इकडच्या-तिकडच्या गोष्टी विचार. तो थोडा दुखावला, मग समजला. घड्याळ त्यांच्या उजव्या हाताला आणलं, तिथे एकच बांगडी आहे आणि गोंदण नाही. ते आठवडाभर डब्यातच होतं. नंतर एका संध्याकाळी त्यांनी ते स्वतः बाहेर काढलं. आता त्या फक्त फिरायला जाताना घालतात. काल पोडियमवर तीन फेऱ्या मारून त्या बाकावर बसल्या, हात माझ्यासमोर धरला आणि म्हणाल्या, “बघ गं, किती आहे? चष्मा वर राहिला.” नाडी शहाण्णव होती. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा हात पुढे केला. ब्याऐंशी. त्या समाधानाने उठल्या.

येत्या रविवारच्या सभेला त्या येणार आहेत. ठराव मतदानाला टाकण्याआधी त्यांना आणि जिने झाडणाऱ्या ताईंना बोलायला पाच-पाच मिनिटं द्यावीत, आणि नोटीस तोपर्यंत बोर्डावरून काढावी, ही विनंती.

आपली,
सी विंगमधली एक रहिवासी, निवृत्त ईसीजी तंत्रज्ञ